ग्राफपेपरवरचं स्वयंपाकघर

आमच्या बिल्डिंगमध्ये "तुमचं किचन कुठे ठेवलंय?" असं कुणी विचारलं तर कुणाला हसू येत नसे. नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती. नेरूळला सोडतीत घर लागलेली आम्ही माणसं लालबाग, गिरगाव, डोंबिवली अशी कुठून कुठून आलेली होतो आणि सगळ्यांच्या हातात एकाच नकाशाचं घर पडलं होतं. एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराला लागून रस्त्याच्या बाजूला चिंचोळी बाल्कनी. तळमजल्यापासून वरपर्यंत सगळ्यांना तेच. आणि जे सगळ्यांना तेच, ते आपल्याला जसंच्या तसं कसं चालेल, असं प्रत्येकाला वाटत होतं. किल्ली मिळाल्यावर पहिल्याच रविवारी कुणीतरी छिन्नी-हातोडा चालवायला घेतला, तो आवाज पुढे कित्येक वर्षं ऐकू येत राहिला.

संध्याकाळी जोडपी एकमेकांकडे घर बघायला जात. आधी चहा व्हायचा, मग कुणाच्या तरी खिशातून टेप निघायची. घरं सारखीच असल्यामुळे दुसऱ्याकडे शिरलं की आपलंच घर कुणीतरी उलटंपालटं करून ठेवल्यासारखं दिसे. आपण झोपतो तिथे त्यांचा फ्रिज, आपण भांडी घासतो तिथे त्यांचे देव. आवडलं तर मापं घ्यायची आणि पुढच्या महिन्यात आपल्याकडे तसंच करायचं. ह्याला कुणी चोरी म्हणत नसे. "तुमचं बघून केलं" हे कौतुकाने सांगितलं जाई.

माझे बाबा ह्या खेळात पार रंगून गेले होते. मुंबईतल्या एका ऑफिसात त्यांचं आयुष्य दुसऱ्यांच्या मसुद्यांवर दुरुस्त्या करण्यात चाललं होतं, त्यामुळे घराचा नकाशाही त्यांना मसुदाच वाटायचा. "त्यांनी काय आपल्याला विचारून बांधलंय?" असं म्हणत ते माहितीपुस्तिकेतला नकाशा उघडून बसत आणि पेन्सिलने भिंती खोडत.

नकाशा होता तसाच घरात एकाच व्यक्तीला आवडला होता, ती म्हणजे आई.

लालबागच्या चाळीत ती मोरीच्या कडेला बसून स्वयंपाक करायची. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला कॉट. पोळी लाटताना तिचं कोपर कॉटच्या लोखंडी पायावर आपटायचं, म्हणून तिने त्या पायाला जुन्या साडीची चिंधी गुंडाळून ठेवली होती. नव्या घरात आल्या आल्या ती हॉलमध्ये थांबलीच नाही. थेट स्वयंपाकघरात गेली, कडप्प्याच्या ओट्यापुढे उभी राहिली आणि हातात लाटणं नसताना, दोन्ही कोपरं चांगली पसरून तिने हवेतच एक पोळी लाटली. "बघ गं," मला म्हणाली, "कुठ्ठे लागत नाहीत."

आमचं घर कोपऱ्यावरचं असल्यामुळे स्वयंपाकघराला इतरांकडे नसलेली एक खिडकी होती. तिच्यातून डोंगर दिसायचा. नव्या घरात दूध उतू घालायचं म्हणून आईने पातेलं चढवलं. दूध उतू जायलाच हवं होतं, पण ते ओट्यावरून ओघळून फरशीवर आलं तरी तिने गॅस बंद केला नाही, कारण ती खिडकीतून डोंगराकडे बघत होती. बाबा हॉलमधून ओरडले. ती मोठ्याने हसली. आईला असं मोठ्याने हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

दीडेक वर्ष ते स्वयंपाकघर तिचं होतं. बाबा ऑफिसला आणि मी शाळेत गेले की ती त्या खिडकीशी उभ्याने चहा प्यायची. हे तिनेच एकदा मला सांगितलं, आणि सांगताना उगीचच लाजली. दिवसभरात स्वतःसाठी म्हणून ती एवढंच करत असावी.

मग मी नववीत गेले.

आमच्याकडे मूल नववीत गेलं की भिंती हलायच्या. दहावीला वेगळी खोली हवी, असा नियमच होऊन बसला होता. चाळीच्या जिन्यात बसून अभ्यास केल्याच्या फुशारक्या मारणारे बापच इथे आल्यावर म्हणत होते की खोलीशिवाय मुलांचं मन लागत नाही. मला खरं तर खोली नको होती. मला पोटावर पालथं पडून, रेडिओ ऐकत अभ्यास करायची सवय होती. पण कुणी आयती खोली देत असेल तर नको म्हणण्याइतकं शहाणपण त्या वयात कुणाकडे असतं!

बाबांनी दुकानातून ग्राफपेपर आणला. "तुझी भूमिती चांगली आहे, तूच काढ," म्हणाले.

मी हरखून गेले. आजवर घरातल्या मोठ्या गोष्टीत मला कुणी विचारलं नव्हतं. मी टेप घेऊन सगळं घर मोजलं आणि ग्राफपेपरवर भिंती काढल्या. मग जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्यातून घरातल्या एकेका वस्तूचा त्याच मापाचा तुकडा कापला. कॉट, लोखंडी कपाट, शिलाई मशीन, फ्रिज, गॅसची शेगडी. कपाटाच्या तुकड्यावर कुणाच्या तरी लग्नातला अर्धा गणपती आला होता. आठवडाभर मी ते तुकडे कागदावर सरकवत बसले होते. पत्त्यांच्या डावासारखी मजा वाटायची.

आई शेजारी मटार सोलत बसायची. मध्येच वाकून बघायची. "माझा मिक्सर कुठंय?" एकदा तिने विचारलं. मी मिक्सर कापला. "आणि पाण्याचं पिंप?" मी पिंप कापलं, गोल. "डबे कुठे राहतील?" मी फळ्या काढल्या. तिने आपल्या एकेका वस्तूची चौकशी केली आणि मी मन लावून एकेकीचा तुकडा कापून दिला.

अडचण एकच होती. कसंही केलं तरी माझं अभ्यासाचं टेबल मावेना. मग एका संध्याकाळी मी शेगडी, ओटा आणि भांडी घासायची मोरी असे तिन्ही तुकडे उचलले आणि बाल्कनीच्या एका टोकाला नेऊन ठेवले. बरोब्बर बसले. बाल्कनीची रुंदी होती तीन फूट, ओटाही तेवढाच. लांब बाजूला वर फळ्या, खाली पिंप, आणि मधून जायला वाट. रिकाम्या झालेल्या स्वयंपाकघरात टेबल, पुस्तकांचं कपाट आणि माझी गादी असं सगळं ऐसपैस मावलं. टेबल मी खिडकीखाली ठेवलं, कारण उजेड डावीकडून यावा असं शाळेत सांगितलं होतं.

बाबांनी टाळी दिली. "इंजिनिअर आहे पोरगी!" मग ते आईकडे वळले. "काय गं, चालेल ना?"

आमच्या घरात आईला कुठलीही गोष्ट विचारायची रीत हीच होती. सिनेमाला जायचं, पाहुणे राहायला येणार, गावचं सामान विकायचं, काहीही असो, ठरून झालं की शेवटी "चालेल ना?" हा प्रश्न तिच्याकडे जायचा. त्याचं उत्तर मला पाठ होतं.

"चालेल की," आई म्हणाली. मग कागदावर वाकून म्हणाली, "बाहेर आहे म्हणजे वारा येईल छान. फोडणीचा खकाणा घरात भरणार नाही." मला अजून त्या वाक्याचा त्रास होतो. आम्ही दोघांनी तिचं स्वयंपाकघर काढून घेतलं होतं आणि त्यात काय बरं आहे, ते तीच शोधून आम्हाला देत होती.

गवंड्याने आईचा लांबच लांब ओटा काढला आणि त्यातलाच तीन फुटी तुकडा कापून बाल्कनीत बसवला. नळ तिकडे नेला. बाल्कनीला जाळी लावली. चार दिवसांत मी माझ्या टेबलाशी, आईच्या खिडकीत बसले.

पुढचा भाग जास्त अवघड आहे, कारण त्या वेळी मला त्याचा अभिमान वाटला होता. लोक आमचं घर बघायला यायला लागले. टेप निघाली. "कुणी काढलं हे?" "हिने." माझ्या गालावर चापट्या बसल्या. खालच्या मजल्यावरच्यांचा मुलगा पुढच्या वर्षी दहावीला होता, वरच्यांच्या जुळ्या मुली नववीत. ग्राफपेपर एका घरातून दुसऱ्या घरात फिरला. दिवाळीपर्यंत असं झालं होतं की शाळेतून परत येताना रस्त्यावरून वर बघितलं की तीन मजल्यांवर एकाखाली एक तीन बाया दिसत. तिघी बाल्कनीच्या एकाच टोकाला, एकाच दिशेला तोंड करून, खाली मान घालून उभ्या. मी मैत्रिणींना बोट दाखवून सांगायची, "माझा प्लॅन आहे तो."

बाल्कनीत जायची वाट माझ्या खोलीतून होती. आईला पाणी प्यायला जायचं असलं तरी माझ्या टेबलामागून जावं लागे. ती दारात थांबायची आणि विचारायची, "येऊ का गं?" मी पुस्तकातून मान वर न करता "हं" म्हणायची. स्वतःच्या स्वयंपाकघरात जायला ती माझी परवानगी मागत होती. हे तेव्हा मला खटकलं नाही, तिलाही खटकलं नसावं, आणि बाबांना तर ते शिस्तीचं वाटायचं.

माझा अभ्यास मोडू नये म्हणून तिने काय काय केलं, ते मला हळूहळू उमगत गेलं. पोळ्या लाटताना बांगड्या किणकिणू नयेत म्हणून ती त्या कोपराकडे वर सारून घट्ट बसवायची. कुकरची पहिली शिट्टी व्हायच्या आत आच कमी करायची. डबा उघडताना झाकण पदरात धरायची. खाडीकडून वारा सुटला की शेगडी विझायची, म्हणून तिने जुन्या कॅलेंडरचे पुठ्ठे जाळीला बांधले होते. पावसाळ्यात त्यांचा लगदा झाला की नवे बांधायची. ओट्याच्या एका बाजूला भिंत होती आणि दुसऱ्या बाजूला जाळी, आणि मधल्या त्या जागेत ती कोपरं बरगड्यांना चिकटवून लाटायची. तिच्या उजव्या कोपरावर एक काळपट, खरखरीत डाग पडला होता. मी तो रोज बघत होते.

आणि "सरक, भाजेल." हे तिचं त्या वर्षांतलं सगळ्यात जास्त वापरातलं वाक्य. तापलेला तवा किंवा आमटीचं पातेलं घेऊन त्या चिंचोळ्या जागेत वळायचं, तर दारात कुणीही उभं राहून चालत नसे. मी चहाचा कप घ्यायला गेले तरी ती न बघताच म्हणायची, "सरक, भाजेल."

सगळं वाईटच होतं असं म्हटलं तर तिला आवडणार नाही. करावे गावातली एक मासेवाली सकाळी रस्त्यावरून जाताना वर बघून हाक मारायची, "वयनी, कोलबी हाय ताजी! सोरा पिशवी!" आई दोरीला बांधलेली पिशवी जाळीच्या फटीतून खाली सोडायची. मग खालून वर, वरून खाली, त्यांचा भाव ठरायचा, आणि भाव ठरल्यावर सुना, गुडघे, पाणी आलं की नाही, असं बरंच काही चालायचं. आईला त्या गप्पा आवडायच्या. मी आतून ओरडायची, "आई, हळू बोल ना!" आणि ती मासेवालीला हाताने खूण करायची की बस झालं.

दहावीला मला बरे मार्क पडले. बरे म्हणजे पेढे वाटण्याइतके, पेपरात येण्याइतके नव्हेत. पोटावर पालथं पडूनही तेवढे पडले असते, अशी मला शंका आहे. बाबांना मात्र खात्री होती की ते खोलीचे मार्क आहेत.

मी आर्किटेक्चरच्या डिप्लोमाला गेले. पहिल्याच वर्षी मॅडमनी फळ्यावर एक मोठा तक्ता लावला. त्यात माणसाच्या आकृत्या होत्या. उभा माणूस, बसलेला माणूस, वाकून कपाट उघडणारा माणूस, आणि प्रत्येकाभोवती त्याला लागणारी जागा तुटक रेघेने दाखवलेली. "वस्तू काढायच्या आधी माणूस काढायचा," मॅडम म्हणाल्या. "वस्तू जागेवर बसतात. माणूस हलतो." वर्गात सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. ओट्यापुढे उभ्या असलेल्या बाईची आकृती होती, तिची दोन्ही कोपरं बाहेर आलेली होती. माझी पेन्सिल तिथेच थांबली. मी मिक्सर कापला होता, पिंप कापलं होतं, शिलाई मशीनसुद्धा. आईचा तुकडा मी कापलाच नव्हता.

त्या दिवशी घरी आले तेव्हा आई हळदीकुंकवाला गेली होती. मी बाल्कनीत जाऊन तिच्या ओट्यापुढे उभी राहिले, पोळपाट मांडला आणि लाटून बघितलं. उजवं कोपर भिंतीवर आपटलं, डावं जाळीवर. मी आईपेक्षा बारीक होते. मला इतकी शरम वाटली की मी पोळपाट पुसून जागच्या जागी ठेवला, जणू कुणाला कळता कामा नये.

इथे एखादी शहाणी मुलगी त्याच संध्याकाळी काहीतरी बोलली असती. मी बोलले नाही. कारण माझ्या टेबलावर आता मोठा ड्रॉइंग बोर्ड आला होता आणि तो त्या खिडकीखालीच मावत होता. शीट भरायच्या असायच्या, सबमिशन असायचं, एक संपलं की दुसरं. डिप्लोमा झाल्यावर बघू, असं मी मनाशी ठरवलं. म्हणजे मला कळलं होतं आणि तरीही मी तिथेच बसून राहिले. नकळत झालेल्या चुकीचं एक वेळ ठीक आहे, पण ह्या वर्षांचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. नातेवाइकांत कुणी म्हणालं, "आईने किती त्याग केला तुझ्यासाठी," की माझं डोकंच फिरायचं. त्याग करायला आधी विचारावं लागतं. आईला आम्ही कधी विचारलं होतं?

डिप्लोमा झाला आणि वाशीच्या एका छोट्या ऑफिसात मला नोकरी लागली. काम काय, तर तेच. तयार घरांचे नकाशे घेऊन लोक यायचे आणि आम्ही ते त्यांच्या सोयीने बदलून द्यायचो. शहर वाढत होतं, नवनवी घरं वाटली जात होती, आणि प्रत्येक घर कुणाला ना कुणाला जसंच्या तसं नको होतं.

दीड-दोन वर्षांनी एक जोडपं आलं. खांदेश्वरला त्यांना घर मिळालं होतं. नवऱ्याने माहितीपुस्तिका माझ्यापुढे उघडली आणि पेनाने दाखवलं, "मॅडम, हे किचन उचलून बाल्कनीत टाकायचं. मुलगा दहावीला आहे, त्याला रूम होऊन जाईल." बायको शेजारी पर्स मांडीवर धरून बसली होती.

मी तिला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

तिने नवऱ्याकडे बघितलं. "चालेल की," ती म्हणाली.

मी उठले. खडू घेतला आणि ऑफिसच्या फरशीवर त्यांच्या बाल्कनीच्या मापाच्या दोन रेघा ओढल्या. "जरा इथे उभ्या राहता का? आणि पोळी लाटल्यासारखं करा." ती बिचारी गोंधळली, पण उभी राहिली. हात हलवताच तिची कोपरं दोन्ही बाजूंना रेघांच्या बाहेर गेली. ती हसली. नवरा हसला नाही. "अहो मॅडम, ती करेल ॲडजस्ट. आमच्या पूर्ण बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी असंच केलंय. तुम्ही ड्रॉइंग काढा ना, उगाच टेन्शन कशाला?" सरांनी आतल्या केबिनमधून माझ्याकडे बघितलं. मी खुर्चीवर बसले आणि ड्रॉइंग काढून दिलं. जाताना त्या बाईने फरशीवरच्या खडूच्या रेघा साडीच्या काठाने पुसल्या जाऊ नयेत म्हणून वळसा घेतला.

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन सांगितलं की किचन परत आत आणायचं.

बाबांना ते पटेना. "चांगलं चाललंय की सगळं. आणि तुझी खोली?" ते आता निवृत्त व्हायला आले होते आणि मसुद्यांत दुरुस्त्या करायची त्यांची हौस फिटली होती. आई म्हणाली, "कशाला उगीच तोडफोड? सवय झालीय मला." मी आवाज चढवला. मी नको ते बोलले, की तुमच्या दोघांच्या ह्या 'चालेल'मुळेच सगळं झालं. खरं तर राग मला ज्या माणसाचा आला होता, तो त्या खोलीत उभा राहून आरडाओरडा करत होता. पण स्वतःवर ओरडता येत नाही, म्हणून मी त्यांच्यावर ओरडले.

मग मी ग्राफपेपर काढला. ह्या वेळी सगळ्यात आधी आईचा तुकडा कापला, दोन्ही कोपरं बाहेर आलेला. आई चष्मा लावून बघायला आली. "एवढी जाडी आहे का गं मी?" ती म्हणाली. पण तो तुकडा तिने उचलला, खिडकीपुढे ठेवला, मग थोडा डावीकडे सरकवला. "इथे ओटा असू दे," म्हणाली. "उभं राहिलं की बाहेरचं दिसतं." घरात काय कुठे असावं, हे तिने सांगितल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते. बाबांनी टेप आणून माझ्यापुढे ठेवली.

काम मी उभं राहून करून घेतलं. जुन्या कडप्प्याचा उरलेला भाग कधीच गेला होता, नवा आणला, भिंतभर लांब. माझी गादी हॉलमध्ये गेली, ड्रॉइंग बोर्ड कपाटामागे. बाल्कनी रिकामी झाली. जाळीला अडकलेला कॅलेंडरचा पुठ्ठा काढताना मी खाली वाकून बघितलं. खालच्या मजल्यावरची बाई तिच्या टोकाला, खाली मान घालून काहीतरी चिरत होती. तिचा मुलगा कधीच नोकरीला लागून पुण्याला गेला होता. मी हाक मारून तिला सांगणार होते की आम्ही परत आत नेलं, तुम्हालाही नकाशा काढून देते. पण काय तोंडाने सांगणार? पहिलाही मीच दिला होता.

नव्या ओट्यावर आईने पुन्हा दूध उतू घातलं. ह्या वेळी तिने बरोबर वेळेवर गॅस बंद केला. डोंगराच्या पुढ्यात आता एक उंच इमारत आली होती, वरचा तेवढा तुकडा दिसत होता. "दिसतोय अजून," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आई पोळ्या करत होती आणि मी चहाचा कप घेऊन पलीकडे, समोरच्या भिंतीला टेकून उभी होते. मला तिला बघायचं होतं. इतकी वर्षं जे मनात होतं ते शेवटी केलं, असं काहीसं मला वाटत होतं. ओट्यावर दोन्ही बाजूंना हातभर मोकळी जागा होती. कुठेही भिंत नव्हती, जाळी नव्हती. आणि आई अंग आकसून, कोपरं बरगड्यांना घट्ट चिकटवून लाटत होती. बांगड्या तिने वर सारून कोपराशी बसवल्या होत्या. घरात अभ्यास करणारं कुणीही नव्हतं.

"आई," मी म्हटलं, "हात मोकळे सोड ना. आता कुठे लागणार आहेत?"

"अय्या, हो की," ती म्हणाली. माझ्यासाठी म्हणून तिने कोपरं बाहेर काढली, पहिल्या दिवशी काढली होती तशी. एक पोळी लाटली. ती एका बाजूला जाड झाली. दुसरी लाटायला घेतली आणि अर्ध्यावरच तिची कोपरं आपोआप आत आली. तिच्या लक्षातही आलं नाही. पुढच्या पोळ्या पुन्हा गोल, पातळ झाल्या.

शेवटची पोळी झाल्यावर तिने फडक्याने तापलेला तवा उचलला आणि वळली. माझ्या आणि तिच्या मध्ये अख्खं स्वयंपाकघर होतं. तिने वर बघितलं नाही.

"सरक," ती म्हणाली, "भाजेल."

मी सरकले.